परतीची फेरी

सकाळी पावणेनऊच्या सुमारास मोटारसायकल फाटकाशी येऊन थांबते आणि तिच्या आवाजावरून, आज हे सरळ घरात येतील की मागच्या सांदवाडीत जाऊन बसतील, याचा मला अंदाज येतो. इंजिन बंद होताच पावले वाजली तर रात्र बरी गेली असे समजावे. इंजिन बंद झाले आणि त्यानंतर काहीच ऐकू आले नाही, तर ते गाडीवरच बसून राहिले आहेत हे ओळखून मी चुलीवरचे आधण उतरवून ठेवते. माझे यजमान रुग्णवाहिकेवर चालक आहेत. या कामात चालकाला पायलट म्हणतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नागपूर-हैदराबाद महामार्गापासून आत गेलेल्या एका गावात आम्ही राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यांची पाळी तालुक्याच्या गावी रात्री आठ ते सकाळी आठ अशी असते.

महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा राज्यभरात ९३७ रुग्णवाहिका आल्या आणि प्रत्येक गाडीवर चालकासोबत एक डॉक्टर नेमला गेला. त्यापूर्वी आमच्या भागात आजारी माणूस बैलगाडीतून किंवा कुणाच्या तरी जीपमधून तालुक्याला जात असे, हे पाहिलेल्या पिढीतली मी आहे. त्यामुळे रात्री दोन वाजता एखाद्या कोलाम पोडाच्या, म्हणजे आदिवासी वस्तीच्या, वळणावर निळा दिवा दिसतो, तेव्हा माणसांना काय वाटते ते मला सांगावे लागत नाही. हातात बॅटऱ्या घेतलेली पोरे रस्त्यावर उभी असतात, कुणी गाडीपुढे धावत वाट दाखवतो, बायका दारात येतात. जाण्याची फेरी सगळ्या गावाची असते.

परतीची फेरी मात्र पायलट आणि डॉक्टर या दोघांचीच असते, आणि मला लिहायचे आहे ते तिच्याबद्दल. रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी उतरवले, कागदावर सही घेतली, की साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता रिकाम्या गाडीने परत कापायचा असतो. निघण्यापूर्वी स्ट्रेचर पुसायचे, खालचा पत्रा धुवायचा, रक्ताचा कापूस वेगळ्या पिशवीत टाकायचा, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा पाहायचा. मागे मघापर्यंत कण्हणे होते, तिथे आता सलाईनचा रिकामा हूक हलत असतो. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाचे शरीर झोपेसाठी सर्वांत जास्त हट्ट धरते, आणि नेमक्या त्याच वेळी यांना नीलगायी आणि रानडुकरे आडवी येणाऱ्या रस्त्यावर डोळे उघडे ठेवावे लागतात. गाडी किती मिनिटांत पोचली याची नोंद होते. परतताना कोण काय घेऊन परतला, याची नोंद ठेवणारे कोणी नसते.

२०१७ च्या भाद्रपदातली एक सकाळ मला स्वच्छ आठवते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर वाढली होती आणि पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरलेला मजूर स्वतःच उडवलेल्या फवाऱ्यात श्वास घेत होता. आमच्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. आमच्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण रुग्णवाहिकेवरच्या माणसाला तो शब्द नीट ऐकावा लागतो. ‘औषध लागलं’ म्हणजे फवारताना बाधा झाली, आणि ‘औषध घेतलं’ म्हणजे माणूस जिवावर उदार झाला. एका क्रियापदाचा फरक असतो. फोनवरून ते क्रियापद कानावर पडले की गाडी सुरू होण्याआधीच पोटात गोळा येतो, असे हे मला एकदा म्हणाले होते, आणि पुढे काहीच बोलले नव्हते.

त्या रात्री औषध लागलेला एक मजूर गाडीतच गेला. डॉक्टरांनी वाटेत करायचे ते सर्व केले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडाला फेस होता, आणि छाती दाबण्याचे काम दोघांनी गाडी थांबवून आळीपाळीने केले. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्याच्या मनगटांना आणि कमरेला विचारावे. माणूस वाचला नाही. हे घरी आले ते सांदवाडीत निंबाखालच्या बाजेवर बसले. डोळ्यांतून पाणी गळत होते, आणि ते रडण्याचे आहे की औषधाचे, हे मला कळेना. अशा रुग्णाच्या भिजलेल्या कपड्यांतून विष हात लावणाऱ्याच्या कातडीतही जाते. हातमोजे, मोकळी हवा, साबणाने अंघोळ आणि वेगळे धुतलेले कपडे एवढी काळजी घ्यावीच लागते, हे मला नंतर त्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्या दिवशी मी फक्त, ‘‘अहो, आत या ना, चहा घ्या,’’ एवढेच पुनःपुन्हा म्हणत राहिले. ते उठले नाहीत.

शेवटी सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी निंबाची एक डहाळी वाकवली, चार पाने तोडली आणि मुलाच्या हातावर ठेवली. ‘‘बाबू, हे चाव. आंघोळ कर न मंग आत ये. मानूस पोचवून आला न तू?’’

पोचवणे हे यांचे रोजचे काम. दवाखान्यात पोचवले, वेळेत पोचवले, असे ते दिवसातून दहादा म्हणतात. पण सासूबाई तो शब्द मसणवट्याच्या अर्थाने वापरत होत्या. आपल्याकडे मयतीहून आलेला माणूस दारात निंबाचा पाला चावतो, अंगावर पाणी घेतो, आणि मगच उंबरा ओलांडतो. ज्या घरी माणूस गेले त्या घरची चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे कडू घास आणून देतात. म्हणजे मरणाजवळ जाऊन आलेल्या माणसाला जिवंतांच्या घरात परत कसे घ्यायचे, याची रीत आपल्या गावांनी केव्हाच घालून दिली आहे. ती फक्त नातलगांपुरती राहिली. ज्याच्या हाताखाली परक्याचा श्वास थांबला, त्याला कोणते सुतक, त्याने कोणत्या दारात पाला चावायचा, हा विचार कोणी केला नव्हता. सासूबाईंनी त्या सकाळी तो केला. यांनी पाने चावली, न्हाणीत जाऊन बराच वेळ पाणी घेतले आणि आत येऊन, ताट वाढलेले असताना, न जेवता झोपले. मला तेवढेही पुष्कळ वाटले.

झोपेविषयी मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मनाच्या गोष्टी सर्व जण करतात आणि झोपेचे कोणीच मनावर घेत नाही. रात्रपाळीच्या माणसाची रात्र आमच्या गावात सकाळी दहाला सुरू होते. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, टिनाच्या छपराखालची हवा भट्टीसारखी होते, आणि लाइट गेली की कूलर बंद पडतो. त्यातच लग्नसराईचा डीजे, मोटारसायकलवरून ओरडत जाणारा आइस्क्रीमवाला, आणि ‘‘भाऊ घरी हायेत का, जरा बीपी पाहून देता काय?’’ म्हणून येणारे शेजारी. लोक प्रेमानेच येतात. पण बारा तास जागून आलेला माणूस दिवसा तीन तास झोपून पुन्हा रात्री आठला स्टिअरिंग धरणार असेल, तर धोका एकट्या त्याला नसतो. तो मागे झोपवलेल्या बाळंतिणीलाही असतो, हे मी शेवटी गल्लीतल्या बायकांना एका हळदीकुंकवाला स्पष्ट सांगितले. कोणालाही वाईट वाटले नाही. डीजे आमच्या कोपऱ्यावर न वाजवता पुढे चौकात न्यायचा, असे पोलीस पाटलांनी ठरवून दिले. आमच्या खोलीच्या खिडकीला मी ताटव्याची झडप आणि त्यावर ओले पोते लावले. जेवणाचा डबाही बदलला. उन्हाळ्यात वरण रात्रीपर्यंत आंबते, म्हणून आता भाकर, चटणी, कांदा आणि एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी देते. टपरीवरच्या तर्रीपोह्यांवर आणि चहावर काढलेल्या रात्रींनी यांच्या पोटाचे जे केले, ते निस्तरायला दोन वर्षे लागली. कंबर अजून दुखते, कारण पोडापासून गाडीपर्यंतच्या चिखलवाटेवरून स्ट्रेचर उचलताना पाठ वाकवावीच लागते. गावातली दोन पोरे पुढे झाली, तर ती निम्मी कमी वाकते.

त्यांच्या मनाचे जे झाले ते मला एका दुपट्ट्यावरून कळले. एका श्रावणात हे एक पांढरा, लाल काठाचा दुपट्टा धुऊन घरी घेऊन आले आणि दोरीवर वाळत टाकला. रात्री जमिनीवर झोपलेल्या एका मुलाला मण्यार चावला होता. मण्याराचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पोट दुखते म्हणून घरचे ओवा देत राहतात आणि मग पापण्या जड होऊ लागतात. वडिलांनी घाबरून आपला दुपट्टा मुलाच्या पायाला करकचून बांधला होता. असे आवळून बांधू नये, असे आता सगळे डॉक्टर सांगतात, पण बापाच्या हाताला त्या क्षणी दुसरे काय सुचणार? डॉक्टरांनी प्रतिविष सुरू करून मग ती गाठ हळूहळू सैल केली, मुलाला जिल्ह्याला पोचवले, तिथे श्वासाचे यंत्र लावले गेले, आणि दुपट्टा गाडीत राहून गेला. मुलाचे पुढे काय झाले हे यांना कोणी सांगितले नाही. सांगण्याची पद्धतच नाही. दुपट्टा आठवडाभर दोरीवर राहिला. पाऊस आला की हे स्वतः उठून तो आत घेत आणि ऊन पडले की पुन्हा टाकत. शेवटी मी त्याची घडी करून पेटीत ठेवली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘राहू दे, कोणी विचारलं तर द्यायला लागेल.’’

रुग्णवाहिकेवरच्या माणसाला गोष्टीचा मधलाच भाग दिसतो. आधीचे त्याला माहीत नसते आणि पुढचे कधी कळत नाही. अशा अर्धवट राहिलेल्या शेकडो गोष्टी डोक्यात साठत जातात, आणि जे कळले नाही ते मन बहुधा वाईटच धरून चालते. त्यांच्या गाडीवरच्या त्या वेळच्या डॉक्टरांना मी हे शाळेतल्या लसीकरणाच्या दिवशी सहज बोलून दाखवले, आणि त्यांनी दोनशे पानी वही आणली. रुग्ण पोचवला की दुसऱ्या दिवशी दुपारी ते वॉर्डातल्या सिस्टरांना फोन करून त्याचे काय झाले ते विचारू लागले. नाव लिहायचे नाही, फक्त तारीख, गाव आणि एक शब्द. मी ती वही पाहिली आहे. ‘बरा.’ ‘गेली.’ ‘नागपूरला हलवला.’ ‘मुलगी झाली.’ ‘गेला.’ ‘बरी, घरी सोडली.’ रात्री गाडी उभी असली की दोघे ते शब्द वाचतात. ‘गेला’ हा शब्द वाचूनही त्या दिवशी यांना झोप लागते, हे पाहून मला आधी आश्चर्य वाटले होते. दुपट्ट्याचे गाव मात्र त्या वहीत नाही, कारण वही नंतर आली. दुपट्टा पेटीतच आहे.

मध्यंतरी एका कार्यालयाने रुग्णवाहिकांवरच्या सगळ्यांसाठी ताणमुक्तीचे शिबिर ठेवले, आणि ते रात्रपाळी संपल्यावर, सकाळी दहा ते चार. दिवसभर त्यांना खुर्च्यांवर बसवून, तुमच्या आयुष्यातला सर्वांत भयंकर प्रसंग सर्वांसमोर सांगा, असे सांगितले गेले. ज्यांनी ठेवले त्यांचा हेतू चांगलाच असेल, याबद्दल मला शंका नाही. पण हे घरी आले ते चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्यानंतर मी जे मिळेल ते वाचले. १९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल या गृहस्थांनी, जे स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामातले होते, अशा प्रसंगानंतर गटात बसवून बोलते करण्याची पद्धत मांडली आणि ती जगभर गेली. पुढच्या अभ्यासांत मात्र असे आढळले की एकाच बैठकीत, इच्छा असो वा नसो, प्रसंग पुन्हा उगाळायला लावल्याने नंतरचा मानसिक आघात टळत नाही, आणि काहींना त्याने त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिच्यात म्हणूनच बोलायला भाग पाडू नका असे आहे. पाहा, ऐका, आणि लागेल त्या मदतीशी जोडून द्या, एवढेच तिचे सूत्र आहे. त्याच संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणारा हा थकवा, म्हणजे अंगातले बळ संपणे, कामाविषयी मन तुटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, रोगांच्या वर्गीकरणात नोंदवला, आणि तोही रोग म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. हे वाचून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. माझा नवरा कमकुवत झालेला नव्हता.

तेव्हापासून मी ‘काय झालं’ हे विचारणे सोडले आणि ‘जेवलात का’ हे विचारणे धरले. सांगायचे असेल तर ते भाकर मोडता मोडता सांगतात, नाहीतर नाही. मात्र पाहणे मी सोडलेले नाही. झोपेत ओरडणे, डबा तसाच परत येणे, मुलांवर विनाकारण चिडणे, हे आठवड्यामागून आठवडे चालले तर निंबाचा पाला पुरत नाही, हे मी जाणून आहे. एका हिवाळ्यात तसे झाले, आणि मी १४४१६ हा क्रमांक लावून फोन त्यांच्या हातात दिला. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि पलीकडून मराठीत बोलणारे माणूस मिळते. पुढे दोन महिने ते जिल्ह्याच्या मनोविकार विभागात जात राहिले. गावात कोणी विचारले तर मी तसेच सांगितले, कारण कमरेच्या डॉक्टरकडे जाणे सांगतो तसे हेही सांगता आले पाहिजे.

हे एकट्या रुग्णवाहिकेचे नाही. चैत्रात वणवा विझवायला हिरव्या फांद्या घेऊन जाणारे वनरक्षक आणि मजूर, ताडोब्याच्या आसपास वाघ गावात आला की जमाव मागे सारणारी प्राथमिक प्रतिसाद दलातली पोरे, आणि २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा पाण्यात नावा घालणारे, मासेमारी करणारे ढिवर बांधव, या सगळ्यांना परतीची फेरी आहे. ढिवरांच्या नावापुढे तर कुठले पदही नसते. बुडालेला माणूस काढायला नदीकाठच्या गावात सर्वांत आधी त्यांनाच हाक मारतात, आणि काढून दिल्यावर ते ओल्या अंगाने आपापल्या घरी जातात. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटांत गेलेल्या ६६ जवानांची ती आठवण आहे. मी तो शाळेत पाळते, आणि मुलांना घेऊन त्या दिवशी आमच्या पोलीस पाटलांकडेही जाते, कारण आमच्या गावात विहिरीत, शेतात, रस्त्यावर जे काही होते तिथे पहिला माणूस तेच पोचतात.

अध्यात्म हा शब्द यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. पण दर वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला सुटी मिळाली की ते गुरुकुंज मोझरीला जातात. महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, देह त्यांनी १९६८ साली मोझरीत ठेवला, आणि त्यांनी सुरू केलेली सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात आजही संध्याकाळी होते. गादी-मूर्तीपेक्षा एकत्र बसण्याला तिच्यात महत्त्व आहे. मोझरीला मी एकदाच गेले. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे मौन श्रद्धांजली असते. हजारो माणसे, भगव्या टोप्या, उन्हाने तापलेले मैदान, बाजूला महामार्ग, आणि त्या घटकेला सगळे जिथल्या तिथे उभे. माझ्या शेजारी हे डोळे मिटून उभे होते. मी घरी ज्या मौनाला इतकी वर्षे भीत आले होते, तेच ते मौन होते, बाजेवर बसून राहिलेले. फक्त इथे ते एकट्याचे नव्हते. त्यांच्या दोन्ही बाजूंना, पुढे-मागे, जिथवर नजर जाईल तिथवर माणसे त्यांच्याइतकीच गप्प उभी होती. मौन संपले तेव्हा त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसले आणि मला म्हणाले, ‘‘बरं वाटलं.’’ इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

गेल्या महिन्यात त्यांच्या गाडीवर नवे डॉक्टर आले आहेत. वय चोवीस-पंचवीस, आयुर्वेदाची पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले, खोली अजून मिळालेली नाही. परवा सकाळी मोटारसायकल थांबली आणि पावले वाजली नाहीत. मी मागे गेले तर निंबाखाली दोघे होते. महामार्गावरच्या अपघातातली बाई वाटेतच गेली होती, आणि या मुलाच्या हातून गेलेले ते पहिले माणूस होते. तो उभाच होता. दोन्ही हात अंगापासून दूर धरून, जणू ते कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते. हे त्याला काही समजावीत नव्हते. त्यांनी डहाळी वाकवली, पाने तोडली, आधी स्वतः चावली आणि मग उरलेली त्याच्यापुढे केली. सासूबाईंनी न्हाणीत गरम पाण्याचा गुंड ठेवला, यांचाच एक धुतलेला सदरा काढून दिला, आणि आंघोळ झाल्यावर त्याच्यासमोर भाकर न् पिठलं ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. अर्धी भाकर खाऊन तो तिथेच बाजेवर आडवा झाला. शाळेत निघताना मी गल्लीतल्या मुलांना खुणेनेच गप्प केले, तर त्यांनी विट्या-दांडू उचलले आणि ती पलीकडच्या खळ्यावर खेळायला गेली. मधल्या सुट्टीत मी घरी डोकावले तेव्हा तो अजून झोपलेला होता, आणि ऊन त्याच्या तोंडावर आले म्हणून सासूबाई बाजेची एक बाजू धरून ती हळूच सावलीत ओढत होत्या.